केसांचा बेडूक

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून त्याचं बोलणं वाचलं, काही महिन्यांनी चालणंही जमायला लागलं. उजवा हात तेवढा गेला. पाटबंधारे खात्यात त्याचा जन्म नकाशे काढण्यात गेलेला, त्यामुळे हात जाणं म्हणजे काय हे मला कळत होतं. पण नोकरी सुटल्याचं त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं ते फ्लाय बांधता येत नाही याचं. (समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना ‘तो’च बरा.)

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, केस बांधून केलेला खोटा किडा. आमच्याकडे जाळ्याने मासे धरणारे पुष्कळ, गांडूळ लावून बसणारेही पुष्कळ. फ्लायवर धरणारा वर्धा जिल्ह्यात आपण एकटाच, असा त्याचा दावा होता. उत्तरेकडून बदलून आलेल्या एका साहेबाने त्याला हे वेड लावलं आणि जाताना आपली गळाची काठी देऊन गेला. तेव्हापासून आमचे रविवार त्या काठीमागे गेले. मला त्याने एकदाही सोबत नेलं नाही. ‘बाईमानसाचं काय काम तिथं?’ एवढंच म्हणायचा.

आजारपणाच्या आधी त्याने मोबाइलवर एक नवा फ्लाय पाहून ठेवला होता, केसांचा बेडूक. शेवाळाच्या तलावातली मरळ बेडकावर तुटून पडते, म्हणून हा हवा. परदेशातले लोक तो हरणाच्या केसांचा करतात. ते केस पोकळ असतात, दोरा आवळला की फुलून उभे राहतात आणि पाण्यावर तरंगतात. आपल्याकडे हरणाचा केस घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. बकरीचा केस वापरावा तर तो पडूनच राहतो, वर पाणी पिऊन बुडतो. याचा तोडगा काढण्याच्या आतच झटका आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी शिकवते त्या शाळेच्या कामातून मोकळी झाल्यावर, एका दुपारी त्याने फ्लायच्या सामानाची पेटी माझ्यासमोर सरकवली.

“तू बांध. मले सांगता येते, करता येत नाई.”

मला हसू आलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि बसले.

गळ चिमट्यात पक्का करायचा, त्यावर बकरीच्या केसांची पेन्सिलीएवढी जुडी धरायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि मग एका दमात आवळायचं. ऐकायला सोपं. मी आवळलं की दोरा तुटायचा, नाहीतर जुडी बोटांतून निसटून खाली गोळा व्हायची. कूलरच्या वाऱ्याने केस घरभर. भाजीत केस, पाण्यात केस. तो शेजारच्या खुर्चीत बसून बोलायचा.

“पोळ्या लाटून राह्यली का? बोटं हलकी ठेव.”

“अव, असं नाई. किती वेळा सांगू?”

एकदा म्हणाला, “तुह्या हातात जीवच नाई.” मी त्याच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं. उठून जावंसं वाटलं. गेले नाही, कारण तोवर त्या बेडकाने मलाच धरलं होतं. भाकरी थापतानासुद्धा मी मनात वेढे मोजायची.

बुडण्यावर उपाय त्यानेच सांगितला. जुन्या रबरी चपलेचा तुकडा पोटाखाली बांधायचा. केस उभे करण्याची युक्ती मात्र माझी. शाळेत मुलींच्या नाचाच्या वेळी केस उलटे पुढे घेऊन, मुळाशी बांधून मग मागे टाकतो, तसं का करू नये? मी जुडी गळाच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाकडे, तोंड करून बांधली, मग सगळी मागे दुमडून पुन्हा आवळली. डोकं गोल, टणक, भरीव झालं.

“चुकीचं आहे हे,” तो म्हणाला. “उसवून टाक.”

मी उसवलं नाही. मागचं अंग तसंच भरलं, ब्लेडने कापून पोट सपाट केलं, रबराचे पाय लावले, शेवाळात अडकू नये म्हणून गळापुढे नायलॉनचा फास घेतला. घमेल्यात पाणी घेऊन बेडूक सोडला. तो तरंगला. डोळे वर, पाय पसरून, अगदी डबक्यातल्यासारखा. नवरा बराच वेळ घमेल्यात वाकून पाहत राहिला. मग डाव्या हाताने उचलला, पुसला आणि शर्टच्या खिशात टाकला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

डाव्या हाताने काठीने गळ फेकायचा सराव तो अंगणात करतच होता. पुढच्या रविवारी त्याचे दोन मित्र त्याला समुद्रपूरकडच्या एका तलावावर घेऊन गेले. एकाचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, दुसरा एका शाळेतला निवृत्त कारकून. दुपारी तिघं परत आले ते गलका करतच. दुकानदाराच्या हातात मरळ होती, चांगली हातभर.

“वहिनी, कमाल केली आमच्या भावानं! डाव्या हातानं बेडूक बांधला, आन् पहिल्याच फेकीत ही!”

“एका हातानं?” मी विचारलं.

“हो ना! दात लावून दोरा धरला म्हने. जिद्द पाह्यजे माणसाले.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला काढत होता. खूप वेळ काढत होता.

मी मरळ घेतली, राख लावून तिचा चिकटा काढला, तुकडे केले, रस्सा केला. तिघं जेवले. जेवताना त्याने दातांनी दोरा कसा धरला ते पुन्हा एकदा, नीट रंगवून सांगितलं. मी वाढत होते.

मित्र गेल्यावर मी विचारलं, “तुमी माहं नाव काऊन नाई घेतलं?”

“त्यात काय एवढं? बांधला तू, पन डोकं माह्यंच होतं ना?”

“केस दुमडायचं डोकंही तुमचंच?”

तो चिडला. “बायकोनं बांधून देल्ला म्हनलं असतं तर हसले असते ते. आधीच मले धरून गाडीत बसवा लागते. एवढं तरी राहू दे न माह्यापाशी!”

त्याचं दुःख मला दिसत होतं. औषधपाण्यापासून कपडे घालण्यापर्यंत त्याचं सगळं मीच करत होते, दिसणार नाही कसं? पण त्या घटकेला मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

आठवड्याने मित्रांनी आणखी बेडूक मागितले. तो सहज म्हणाला, “चार बांधून देजो.”

“दात आहेत न तुमाले,” मी म्हटलं, “बांधा.”

त्याने खरंच प्रयत्न केला. दारातून मी पाहिलं. दोरा दातांत, मान वाकडी, केस ओठांना चिकटलेले. दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता. मी मदतीला गेले नाही आणि त्यानेही हाक मारली नाही.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी घरी आले तर पेटी जागेवर नव्हती. दुकानदाराला देऊन टाकली होती. चिमटा, दोरे, मी स्वतः निवडून धुऊन ठेवलेले केस, सगळं.

“मले विचारलं काऊन नाई?”

“तुले काय करायचं त्याचं?” तो खरोखर आश्चर्याने म्हणाला.

काही दिवसांनी दुकानदार बाजारात भेटला. म्हणाला, लय मेहनत घेतो, पण भावासारखा बेडूक काही होत नाही. मी म्हटलं, “तो मीच बांधला होता.”

तो मनापासून हसला. “वहिनी, तुमी पन!” आणि माझ्या पिशवीला हात घालून म्हणाला, “द्या, जड आहे, गाडीपर्यंत नेऊन देतो.”

मी पिशवी दिली नाही.

आता मासेमारी बंदच आहे. पाहुणे आले की तो तलावाची गोष्ट सांगतो, आणि दरवेळी मरळ थोडी मोठी होते. मी तेव्हा तिथेच बसून राहते, उठून जात नाही. तो माझ्याकडे न पाहता सांगत असतो.