तायडे मॅडमनी अहवाल बदलला नाही

मेहकरच्या बसस्थानकावर बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा विमलताईंचा फोन आला. विमलताई म्हणजे तायडे मॅडमच्या धाकट्या बहीण. "सलीमभाऊ, ताई गेली सकाळी," एवढंच त्या म्हणाल्या. गाडी लागली, भरली, निघून गेली. मी तिथंच उभा.

त्याला आता दीड महिना झाला. मध्यंतरी शोकसभा झाली. वक्त्यांनी मॅडमना मृदुभाषी म्हटलं, मनमिळाऊ म्हटलं, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली तेरा वर्षं पाणी तपासलं आहे. त्या मृदुभाषी नव्हत्या. सांभाळून घेणं तर त्यांना अजिबात जमत नसे, आणि ते जमलं नाही म्हणूनच या जिल्ह्यातली काही माणसं आज हिंडत-फिरत आहेत. सभेत हे कोणी बोललं नाही. मलाही तेव्हा उठता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

डॉ. शकुंतला तायडे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. डोळ्यांना न दिसणारे जंतू शोधायचे आणि ते लोकांच्या पोटात जाण्याआधी ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. पिंपळगाव राजाच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी डॉक्टरेट करून पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि वर्षभरात सोडून परत आली. का, असं मी एकदा विचारलं. "तिथं मी शांपूतले जंतू पाहत होती," त्या म्हणाल्या. "अन् इकडे लोक पान्यातले पिऊन राह्यले." पुढं एकदा पुण्यात प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा व्याख्यान देताना त्या 'मले', 'तुले' म्हणाल्या तशी मागं दोघंतिघं हसली. मॅडम थांबल्या. "हसून घ्या," म्हणाल्या, "मंग पुढं सांगते." आणि उरलेला सगळा तास त्या ठेवणीतली वऱ्हाडी बोलल्या. शेवटी त्याच लोकांनी त्यांच्याभोवती घोळका करून वहीत उतरवून घेतलं.

मी रोहिणखेडचा. लॅब टेक्निशियन म्हणून नवा होतो, तेव्हा एका गावाहून नळाच्या पाण्याचा नमुना घेऊन आलो. उन्हात साठेक किलोमीटर एसटीनं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, नळाचं तोंड ज्योतीनं भाजून घेतलं होतं का? मी म्हणालो, काडेपेटी भिजली होती. त्यांनी बाटली बेसिनमध्ये ओतून टाकली. "सलीमभाऊ, हे पानी त्या गावाचं नाही, तुमच्या बोटाचं आहे. परत जा." मी परत गेलो. फार राग आला होता. पण त्यानंतर मी कधीच कोणत्या गावावर माझ्या बोटाचं पाणी लादलं नाही.

आता ज्या गावाच्या अहवालावरून सगळं घडलं, त्याची गोष्ट. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांचा यात दोष नव्हता. गावात पाण्याची नवी टाकी झाली होती. फीत कापली गेली, फोटो छापून आले, आणि काही आठवड्यांत घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. रुखमाबाई नावाच्या बाईची सून, अंगावर पाजतं लेकरू असलेली, दवाखान्यात नेता नेता वाटेत गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. मॅडमनी टाकीचं, नळांचं, आडाचं पाणी स्वतः घेतलं. प्रयोगशाळेत ते पाणी दोन दिवस उबेत ठेवायचं असतं आणि त्याच दोन दिवसांत वीज सारखी ये-जा करत होती. मॅडमनी उबेच्या पेटीत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवल्या, थर्मामीटर समोर घेऊन बसल्या आणि कोणालाही पेटीचं दार उघडू दिलं नाही. निकाल स्वच्छ होता, पाणी नव्हतं. आडाचं पाणी चांगलं निघालं. टाकीच्या नळांत मैल्याचे जंतू होते. त्यांनी लिहिलं, 'पिण्यास अयोग्य', आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी एक वरिष्ठ अधिकारी आमच्याकडे आले. त्यांचंही नाव मी घेणार नाही; मॅडमनी कधी घेतलं नाही. नमुना पुन्हा घ्या, म्हणाले. मॅडम लगेच निघाल्या. गावात नळ सोडला, परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की त्यात पिवळा रंग येतो, फार झालं की तांबूस. त्या दिवशी तो पिवळा राहिलाच नाही, तांबूसकडे गेला. कोणीतरी पहाटे टाकीत ब्लिचिंग पावडर ओतली होती, तीही मोजमाप न करता.

"पाहा, आता पाणी शुद्ध आहे," साहेब म्हणाले. "पहिला अहवाल मागे घ्या."

"आज पावडर आहे साहेब. त्या दिवशी नव्हती."

"तुम्हाला समजत नाही का, वरून विचारणा होते आहे."

"मले खालून होऊन राह्यली," मॅडम म्हणाल्या. "रुखमाबाई विचारते, माही सून कायनं मेली. तिले काय सांगू?"

साहेबांनी आवाज चढवला नाही. बदलीचं पत्र दहा दिवसांत आलं. दुसऱ्या इमारतीत, साठा विभागात. कापूस, हातमोजे, रिकाम्या बाटल्या यांची नोंद ठेवायची. सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही. मी त्यांचं सामान पोचवायला गेलो, तर खिडकी नसलेल्या खोलीत त्या टेबल पुसत होत्या. माझे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "रडून काय राह्यले? जंतू मरतात का त्यानं? रविवारी सुटी असते ना तुमाले?"

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. एक छोटी बाटली मिळते, आत औषध घातलेली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबेत ठेवलं आणि दोन दिवसांत ते काळं पडलं, तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा संशय घ्यायचा. त्यासाठी ना वीज लागते, ना साहेब. पहिली बाटली मॅडमनी रुखमाबाईच्या हातात दिली. ती घ्यायलाच तयार नव्हती.

"मले लिहिता-वाचता नाही येत, बाई."

"काळं-पांढरं तर दिसते ना?"

"हाव, ते दिसते."

"मंग झालं."

पुढच्या ग्रामसभेला रुखमाबाई एकटी आली नाही. तिच्याबरोबर गल्लीतल्या अकरा बाया होत्या. प्रत्येकीनं पदराखालून बाटली काढून टेबलावर ठेवली. सगळ्या काळ्याभोर. सरपंच म्हणाले, हे सरकारी तपासणीत धरत नाहीत. रुखमाबाई म्हणाली, "नका धरू. एक बाटली पिऊन दाखवा, आमी घरी जातो." सरपंचांनी एकाही बाटलीला हात लावला नाही. मॅडम मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्याच आठवड्यात रस्ता खणला. नवी पाइपलाइन गटाराच्या खालून गेली होती आणि एका जोडाला तडा होता... पाणी थांबलं की गटारातलं आत शिरायचं. लाइन बदलली. जुलाब थांबले. सून परत आली नाही.

मॅडमचीही प्रयोगशाळेत बदली परत झाली नाही. कोणी चूक कबूल केली नाही, पत्र आलं नाही. उरलेली सहा वर्षं साठा विभागात काढून त्या तिथूनच निवृत्त झाल्या. पण त्या काळात रविवारी जी गावं आम्ही हिंडलो, तिथं बाया, शाळेतल्या मुली, एके ठिकाणी मशिदीतले म्हातारे बाबा, सगळे पाणी तपासायला शिकले. मॅडमना शिक्षा दिली, असं ज्यांना वाटलं, त्यांनी या जिल्ह्याला एकीच्या जागी कितीतरी तायडे मॅडम दिल्या.

शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात भेटायला गेलो. ताप होता, श्वास लागत होता. तरुण डॉक्टर सलाईनमधून प्रतिजैविक सुरू करायला आला, तर मॅडमनी हात मागं घेतला. "कल्चर पाठवलं का? आधी रक्त घ्या, मंग द्या. अन् हात धुतले का?" प्रतिजैविक आधी दिलं, तर रक्तातला जंतू नंतर तपासणीत सापडत नाही. डॉक्टर ओशाळला आणि बेसिनकडे गेला. मॅडमनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आमची ती शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात विमलताईंनी बोलावलं. मॅडमची खोली तशीच ठेवली आहे. पलंग, पुस्तकं, आणि पलंगासमोर खताच्या दुकानातून मिळालेलं मोठं कॅलेंडर. त्याच्या प्रत्येक रविवारच्या चौकोनात पेन्सिलनं एकेका वस्तीचं नाव लिहिलेलं. मी पानं उलटत गेलो. त्या गेल्या तो महिना, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा... दिवाळीचा रविवार तेवढा मोकळा सोडलेला. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बसून लिहिलं हे," विमलताई म्हणाल्या. "मी म्हटलं, ताई, कायले आता? तर म्हणे, माह्यासाठी नाही लिहून राह्यली."

कालच्या रविवारच्या चौकोनात मोताळा तालुक्यातल्या एका वस्तीचं नाव होतं. मी आणि रुखमाबाई पहिल्या एसटीनं गेलो. नमुने आणले आहेत, उबेत ठेवले आहेत. ते काळे पडले, तर परवा अर्ज घेऊन मी पंचायत समितीत जाईन. त्यांनी उद्या या म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. नाव विचारलं, तर माझं सांगेन.