मामांचा सामुराई

माझ्या बायकोच्या मामांइतका शांतताप्रिय सामुराई जपानात झाला नसेल. लातुरात तर नाहीच नाही. मामांचं सारं आयुष्य इथल्या क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवण्यात गेलं. क्लासेसचा सुगीचा काळ, खच्चून भरलेल्या बॅचेस, आणि मामांचा आवाज असा की माईक बंद पडलेला शेवटच्या बाकाला कळतही नसे. निवृत्तीनंतर तो आवाज वापरायला जागा राहिली नव्हती. आमची लेक डॉक्टरकी शिकायला नांदेडला गेली आणि तिचा व्हिडिओ गेम टीव्हीखाली पडून राहिला. चहाला आलेल्या मामांनी तो सहज हातात घेतला, आणि त्यातल्या सामुराईच्या मुलखात जे शिरले, ते रोज दुपारी चारला हजर.

पेपर तपासल्यासारखे ते गेम तपासत. "गवत बघा जावईबापू, वाऱ्यानं कसं लवून राहिलंय! अन् मनाला येईल तिकडं घोडा घाला, कुणी अडवत न्हाई." हे झाले गुण. दोषांना मात्र आवाज चढे. "दहा जण घेरतेत अन् मारायला एकेकच येतो. रेशनची लाईन हाय का ही?" कड्यावरून पडलेला घोडा उठून पळाला, त्या दिवशी त्यांनी गुरुत्वाकर्षणाची बाजू तासभर लढवली. स्वतः मात्र लढाई टाळत. दरोडेखोर दिसले की वळसा. एकदा नाइलाजानं एकाला मारलं, तर गेम थांबवून तांब्याभर पाणी प्याले. मी घोडा दामटला की ओरडत, "जनावर हाय ते, दम खाऊ द्या त्याला!"

त्या मुलखात एका गावात विहिरीपाशी एक म्हातारी धान्य पाखडत बसलेली असे. मामा रोज तिथं उतरत. ती रोज तीच दोन वाक्यं बोले, आणि एवढा ढळढळीत दोष मामांनी कधी काढला नाही. "घरं लाकडाची हायती. छपरं हलकी. बरंय," एवढंच म्हणत.

एके दिवशी लेकीनं फोनवर सांगून टाकलं, "आजोबा, पुढच्या कामगिरीत ते गाव जाळतात." झालं! मामांनी गेममधली गोष्ट तिथंच थांबवली. दोन महिने नद्या, डोंगर, देवळं पालथी घातली. गावाची कामगिरी तेवढी घेईनात. मग एका दुपारी त्यांनी ती सुरू केली. दरोडेखोरांच्या आधी घोडा म्हातारीपुढे नेला आणि एकेक बटन दाबू लागले. घोडा उडाला, तलवार निघाली, तलवार म्यान झाली, सामुराईनं वाकून नमस्कारही केला. म्हातारी पाखडतच राहिली. मागे धूर दिसायला लागला.

"उचलून घ्यायचं बटनच न्हाई," मामा म्हणाले. "एवढा मोठा गेम केला, अन् म्हातारीला घोड्यावर घ्यायचं बटन दिलं न्हाई."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मामांची आई, म्हणजे तिची आजी, भूकंपात दगडी भिंतीखाली गेली होती. घरात हा विषय कुणी काढत नसे.

"चार दिवस आधी न्यायला गेलो व्हतो," मामा पडद्याकडे बघत म्हणाले. "म्हणली, ज्वारी पेरून येते. मी बरं म्हणलं. मला बी बॅच व्हती ना. जोर करायला पायजे व्हता, पोरी."

बायकोनं त्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं. "मामा, मला आपलं जुनं गाव दाखवा."

रविवारी आम्ही तिघं गेलो. औशाच्या पुढं, माळावर दगडांचे ढीग आणि बाभळी. लोक कधीच नव्या वस्तीत राहायला गेलेले. मामा आधी गाडीपाशीच उभे राहिले. मग चालू लागले. हे सुताराचं, ही तालीम, इथं शाळा. एका ढिगापाशी थांबून म्हणाले, "हे आपलं." आणि मग आई कशी होती ते सांगत सुटले. शेजारणींपुढे ती म्हणे, आमचा मास्तर आभाळातल्या चांदण्या मोजतो, पण भिंतीला खिळा म्हणून ठोकता येत न्हाई! सांगताना मामा स्वतःच हसले. बायको दगडावर बसून ऐकत होती. आजी गेली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती, तिला चेहराही धड आठवत नाही.

"लुगडं कसं नेसायची?" तिनं विचारलं. मामांनी ते सांगितलं. मग आवाज कसा होता, ते सांगितलं. उन्हं कलली, तरी आमच्यापैकी कुणी गाडीकडे वळलं नाही.