देवापुढची साखर

माणसाने थकावं तरी किती, हे आमच्या अरुंधतीवहिनींकडे बघून कळायचं. नव्या पनवेलला त्यांचं दार आमच्या दारासमोरच. सकाळी एसटीने गव्हाणच्या शाळेत गणित शिकवायला जायचं, दुपारी येऊन नवऱ्याचं पथ्यपाणी बघायचं. गुरुदत्तरावांचं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्र्याण्णव साली झालं, तेव्हापासून ही बाई निवांत बसलेली मला तरी दिसली नाही.

दर तीन महिन्यांनी गुरुदत्तरावांचं रक्त तपासायला मुंबईला जाई. कॅन्सरच्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात, त्यातली एक रक्तात वाढली की रोग परतला असं धरायचं, असं पनवेलच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. आकडा दर वेळी जवळजवळ शून्य. मग वहिनी देवापुढे साखर ठेवायच्या आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर.

"तीन महिन्यांपुरतं तरी गंगेत घोडं न्हालं," म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी गुरुदत्तराव पाठ दुखते म्हणू लागले. जेवण जाईना. वहिनींचं उत्तर ठरलेलं. "अहो, आकडा खोटं बोलेल का? मनाचे खेळ आहेत तुमचे." ते बिचारे पुन्हा अंथरुणावर जाऊन पडत. एका दुपारी मी ताक द्यायला गेले, तर ते पोटाशी उशी आवळून जमिनीवर बसलेले. मी वहिनींना सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या.

"तुम्ही आणखी त्यांच्या मनात भरवू नका हो! मला आता झेपत नाही."

मला राग आला, का खोटं बोलू? चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं त्यांनी ते शून्य धरून ठेवलं होतं. ते सोडायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

गुरुदत्तराव अगदीच वाळले, तेव्हा त्यांना मुंबईच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी होते. स्कॅनमध्ये रोग चांगलाच पसरलेला दिसला. वहिनींचा विश्वासच बसेना.

"पण आकडा तर कधीच वाढला नाही!"

"ऑपरेशनच्या आधी ही तपासणी केली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"काही माणसांच्या शरीरात ही साखळी जन्मतःच तयार होत नाही, बाई. रोग कितीही वाढला तरी त्यांचा आकडा हलत नाही. यांचं तसंच दिसतंय. ऑपरेशनआधी तपासलं असतं, तर रोग असतानाही शून्यच आलं असतं आणि तेव्हाच कळलं असतं."

गुरुदत्तराव बाहेर बाकावर बसले होते. वहिनींनी काही लपवलं नाही, शेजारी बसून सगळं सांगितलं. मी तोंड फिरवून उभी राहिले. ते कोसळतील असं मला वाटलं होतं.

"म्हणजे दुखत होतं ना मला?" ते म्हणाले. "मी सोंग करत नव्हतो?"

"नव्हता हो." वहिनींना रडू फुटलं. "माझंच चुकलं. मी ऐकलंच नाही तुमचं."

"दमली होतीस तू." मग लहान मुलाने परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "आता सांगू, किती दुखतं ते?"

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "सांगा," म्हणाल्या.

आणि ते सांगू लागले.