चौथ्या पाटाची कढई

कान्यशाय परतून गावात आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलत होती. ट्रकवाल्या शार्शेनची ही मुलगी. वीस वर्षं राजधानीत, बिश्केकला, रेडिओवर आवाजाचं काम केलं, नवरा गेला, आणि दोन पेट्या तारा घेऊन बापाच्या घरात येऊन बसली. डोक्यावर बापाची पुरुषी फेल्टची टोपी. बोलणं कमी. बाजारात जुन्या कढया घ्यायची, पण पोचे बघायची नाही. बोटाच्या पेराने टकटक करायची, डोळे मिटून कान लावायची आणि नेमकी चिरलेली कढई उचलायची. सरळ बाई असं करते का?

मी गावाचा मुराब, म्हणजे पाटकरी. डोंगरातून पाणी उतरतं, त्याचे सात पाट, आणि कुणाची पाळी कधी हे मी ठरवतो. सोळा वर्षं दरसाल वडीलधाऱ्यांनी हात उघडून आशीर्वाद दिला आणि फावडं माझ्या हाती ठेवलं. या कामात माणूस संशयी होतोच. पाणी सगळेच चोरतात.

आणि जूनमध्ये चौथ्या पाटाच्या तोंडाशी मला एक करडा डबा दिसला. त्यातून तार निघून पाण्यात गेलेली. पुढे पाहिलं तर सातही पाटांवर तेच. पाण्यात तार सोडणारा एक तर मासे मारतो, नाही तर सरकारचा असतो. आमच्या पाटांत मासे नाहीत.

मला घाम फुटला, आणि का ते लपवत नाही. चोराच्या मनात चांदणं. दर गुरुवारी दुपारी चार ते पाच ही चौथ्या पाटावर ओस्मोनची पाळी; वडीलधारा म्हणून गाव त्याला अक्सकाल म्हणतं. मी चौथ्याची फळी टाकून ते पाणी पाचव्यात सोडायचो. पाचव्याच्या शेपटाला माझी विधवा बहीण बुरमा, तिची तीस जर्दाळूची झाडं. कुणी पाहिलं तर फावडं गेलं आणि सोळा वर्षांचं नावही गेलं.

तारा गावात एकीकडेच होत्या. मी तडक कान्यशायच्या दारात गेलो.

"काय गं, कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही, बाइके. या, चहा घ्या."

तोंडाने बाइके, म्हणजे दादा, म्हणाली आणि पियाला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच देतात, भरला की समजायचं, पी आणि चालू लाग. मी मुद्दाम बसून राहिलो.

"पाणी मोजतेस?"

"मोजत नाही, ऐकते."

"ऐकायला देवाने दोन कान दिलेत."

"ते एका वेळी एकाच पाटावर असतात ना, बाइके."

मग तिने तसाच एक डबा आणून उघडला. आत काडेपेटीहून जराशी मोठी हिरवी पाटी. हा म्हणे अख्खा संगणक. बरणीत मेण लावून बसवलेला माइक पाण्याचा आवाज पकडतो, पाटी तो फोनसारखा जुन्या क्लबात, म्हणजे गावाच्या सभागृहात, पाठवते, आणि तिथे टांगलेल्या सात कढया त्या आवाजाने थरथरतात. पाटाला पाणी जास्त तर कढई मोठ्याने गाते, पाणी बंद तर कढई गप्प.

"याने काय होणार?"

"काही नाही. गाव स्वतःचं पाणी ऐकेल. पुढच्या गुरुवारी चारला या."

"गुरुवारीच का?"

"शहरातून माझे रेडिओतले दोघं सोबती येणार, त्यांची गाडी गुरुवारी आहे."

माझा काडीचा विश्वास बसला नाही. हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला भर गावात उघडा पाडणार, हे मी मनाशी पक्कं केलं.

त्या गुरुवारी मी फळीला हात लावला नाही. बुरमाला निरोप मात्र दिला नाही. आपण घाबरलो हे धाकट्या बहिणीला कोण सांगणार?

क्लबात अर्धं गाव. कढया छताला टांगलेल्या, आणि खरं सांगतो, त्या गाऊ लागल्या तेव्हा अंगावर काटा आला. पहिलीचा आवाज जाड, तिसरीचा खळाळता. "ही माझी!" बायका ओरडत होत्या. "तुझी कसली, तुझी ती पडसं झाल्यागत सूं सूं करणारी!" ओस्मोन अक्सकाल चौथ्या कढईखाली मान वर करून उभा होता. ऐंशीचं वय. उन्हाळाभर तो मला म्हणत होता, माझ्या पाळीला पाणी कमी येतं रे. आणि मी म्हणायचो, "येतं, अक्सकाल, तुमच्या लक्षात राहत नाही." म्हातारा दोरीला गाठी मारून तास मोजू लागला. मग सुनेने त्याला विसराळूपणासाठी डॉक्टरकडे नेलं. मग त्याने गाठी मारणं सोडलं.

सव्वाचारला चौथी कढई बारीक होत गेली आणि गप्प झाली. त्याच क्षणी पाचवी दणाणली.

मला लगेच उमगलं: भाऊ आला नाही म्हणून बुरमाने स्वतःच फळी टाकली होती.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता कान्यशाय सगळं सांगणार. कान्यशायने माझ्याकडे पाहिलं, मग कढईकडे. तिला तेव्हाच कळलं, त्याआधी तिला काहीच ठाऊक नव्हतं. तोंडच सांगत होतं तसं.

"बॅटरी गेली असेल," ती म्हणाली. "चौथ्याची जुनीच होती."

माना परत फिरल्या. मी वाचलो होतो. चौथ्या कढईखाली ओस्मोन कानात बोट घालून हलवत होता, सुनेला हळूच विचारत होता, "वाजतेय का गं? मलाच येत नाही का ऐकू?"

"बॅटरी ठणठणीत आहे," मी म्हणालो. "पाणी बंद आहे. दर गुरुवारी असतं. मीच वळवतो, बुरमाकडे." आणि खांद्यावरचं फावडं नेऊन म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. म्हाताऱ्याने फावड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सुनेकडे वळला, तिचा हात धरून हलवला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ," तो म्हणाला, "मी विसरत नव्हतो."