मास्तरांच्या वहीचे चार रकाने

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा भुतांवर विश्वास नाही, आणि सर्व्हरवर तर त्याहून नाही. वीस वर्षं सोलापुरात कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देतोय. यंत्र बिघडलं की त्यामागे माणूस सापडतोच, हा माझा अनुभव. या वेळीही सापडला. पण तो कसा सापडला... ते ऐका. हातात चहा असेल तर खाली ठेवा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या शाळासोबत्याचा चादरींचा कारखाना आहे. त्याला सगळे मालक म्हणतात, मीही चिडवायला म्हणतो. ऑर्डरचं वेब ॲप्लिकेशन माझंच. कुठल्या चादरीला कुठला रंग, कुठली किनार, हे सावित्रीअक्का त्यात भरतात आणि ते पाहून माग चालतात. सर्व्हर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

वैरागच्या एका पार्टीनं श्रावणात, मुलीच्या लग्नात आहेराला द्यायला मरून किनारीच्या चादरी सांगितल्या होत्या. अख्खा लॉट हिरवा निघाला. पार्टी भडकली, मालक त्याहून भडकला.

"हिनंच बदललंय. दसरा झाला की घरी."

"मालक, मी मरूनच टाकलं हुतं की!" अक्का रडवेल्या झाल्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. माझ्याकडे वळल्या, "भाऊ, तुमच्या मशीनला इचारा की. त्याला म्हाईत असंल."

आणि तिथं माझी मान खाली गेली. मशीनला माहीत नव्हतं. किनार आता हिरवी आहे एवढंच त्यात दिसत होतं. कुणी केली, कधी केली, याची नोंद ठेवायची साधी सोय, ज्याला आम्ही लॉग म्हणतो, ती मी आळसापोटी कधी केलीच नव्हती.

रामय्या मास्तरांनी मला बजावलं होतं. हे तिथले जुने डिझाईन मास्तर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि माझ्या सॉफ्टवेअरचा राग दोन्ही भाषांत. ॲप्लिकेशन आल्यावरही त्यांनी आपली लाल वही सोडली नाही. चार रकाने : वेळ, कोण, आधी काय, नंतर काय. मी हसलो की म्हणायचे, "हसा, सर. पण ल्हिलं न्हाय की गरिबावर येतंय."

दीड वर्षापूर्वी एका दुपारी सव्वा वाजता त्यांनी शेवटची नोंद केली, बाकावर बसले आणि गेले.

"झालेलं आता शोधता येणार नाही," मी मालकाला म्हणालो. "पण यापुढची नोंद तरी लावतो."

लावायला मुहूर्त कुठला मिळाला? खंडेनवमी! माग बंद, हत्यारांची पूजा, यंत्राला हात लावायचा नाही. अक्का म्हणाल्याही, "आज नगा हो भाऊ, आज त्यांची सुट्टी आसती." मी कसला ऐकतोय! अर्ध्या तासाचं काम. लॉगची फाईल उघडली, आणि रकाने कुठले घ्यायचे म्हणून, थोडी गंमत आणि थोडी लाज वाटून, मास्तरांचेच चार घेतले. 'चाचणी' अशी एक ओळ टाकली. फाईलमधली पहिली आणि एकुलती एक ओळ. अक्कांनी सर्व्हरला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मास्तरांची लाल वही वर ठेवली, तिच्या दोरीला नवी पेन्सिल बांधून, टोक काढून तीही ठेवली. मी कपाटाला कुलूप लावलं.

दसरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघं ऑफिसात. अक्का पिशवी आवरूनच आल्या होत्या.

फाईल उघडली... आणि ती खाली सरकवतोय, सरकवतोय, संपेचना. माझी 'चाचणी' पार तळाशी!

आता हे नीट समजून घ्या. लॉगमध्ये नवी ओळ खालीच लागते. वर काही घुसत नाही. फाईल परवा दुपारी जन्मलेली. आणि तिच्यात दीड वर्षाच्या नोंदी!

"श्रावणातलं बघ," मालक म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

सापडलं. वैरागची ऑर्डर. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आधी : मरून. नंतर : हिरवा. आणि 'कोण'च्या रकान्यात... मालक.

"मी? मी कशाला..." एवढं बोलून तो थांबला. खिशातून मोबाईल काढला, फोटो मागे मागे नेत राहिला. दुधनीला साडूच्या घरभरणीचा फोटो निघाला. त्याच दिवसाचा, दोन वाजताचा.

"साडूला दाखवत हुतो की रे," तो खुर्चीत बसला. "म्हटलं, बघा पावणं, हितं बसून तिकडं किनार बदलतो. बदलून दाखवली... परत करायची ऱ्हायली."

अक्कांनी पिशवीतून डबा काढला आणि आपल्या टेबलावर, रोजच्या जागी ठेवला.

"अक्का, चुकलं माझं," मालक म्हणाला. शाळेपासून ओळखतो मी त्याला. हे शब्द पहिल्यांदाच ऐकले.

मी मात्र फाईलच्या अगदी वर गेलो होतो. पहिली ओळ पाहिली आणि पुन्हा पाहिली. मास्तर गेले, तोच दिवस. वेळ, एक वाजून वीस मिनिटं. त्यांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीनंतर बरोबर पाच मिनिटं.

कपाट उघडलं. झेंडू सुकला होता. वही जशीच्या तशी, सव्वाच्या नोंदीपुढची पानं कोरी. तेवढ्यात अक्कांनी पेन्सिल उचलली आणि माझ्यापुढे धरली.

परवा टोक काढलेली नवी पेन्सिल. ती आता चिमटीत मावेल एवढी उरली होती. दोरी तशीच बांधलेली.

"मास्तरांना लई लिवावं लागलं, भाऊ," अक्का हळूच म्हणाल्या.

जुना बॅकअप तपासला, घड्याळ तपासलं, माझं स्वतःचं डोकंही तपासलं. जी गोष्ट कुठं साठवलेलीच नव्हती, ती आली कुठून? मला आजही माहीत नाही. अक्का रोज सकाळी कामाला येतात, आणि वहीला एक नवी पेन्सिल कायम बांधलेली असते. ती मी आणून देतो.

तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा. पण तोंडी नको. वेळ, कोण, आधी काय, नंतर काय... चारही रकाने भरून.