निरगुडीच्या सात फोका

सोमवारची पहिली फोक माझ्या हातावर बसायची. मी काही केलेलं नसायचं. फोक कशी आहे ते बघायला.

प्रार्थना झाली की गुरुजी टेबलाशी यायचे. मी निरगुडीच्या फोकांची जुडी त्यांच्यापुढं धरायचो. सात फोका. आठवड्याला तेवढ्या मोडायच्या. गुरुजी एक उचलायचे, वाकवून बघायचे, हवेत फिरवून आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "हात कर."

सपकन.

"ही बरी आहे. दुसरी दे."

सपकन.

"ही फोपशी. काय रे ठाकरा, जन्म रानात गेला आणि तुला साधी फोक कळत नाही?"

वर्ग हसायचा. आणि मीही हसायचो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. हात मांडीवर दाबून धरायचा आणि हसायचं. गुरुजी थट्टा करतात म्हणजे गुरुजी आपल्याला ओळखतात, असं वाटायचं.

लढाईची सालं होती ती. खालापूरकडच्या एका गावात लोकल बोर्डाची शाळा. भिंतीवर बादशहाचा फोटो, खाली गुरुजींचं टेबल. आमची ठाकरांची वाडी कोसभर वर, डोंगराच्या पायथ्याला. वाडीतून शाळेत येणारा मी एकटा. दाराशी बसायचो. गुरुजींनी मला घेतलं, फुटकी का होईना पाटी दिली. त्या बदल्यात फोका आणायच्या. गावातली पोरं आणू शकली असती, निरगुडी ओढ्याच्या काठानं कुठंही उगवते. पण गुरुजी म्हणाले, "हे तुझं काम. एवढं तरी कर." मी उपकाराखाली वाकलेला. मला तो मान वाटला.

पोरांनी माझं नाव 'फोक्या' ठेवलं. मी दिसलो की ओरडायची, "फोक्या आला रं, ढुंगणं झाका!" एकदा मला पोरांची दया आली. मी मुद्दाम बारीक फोका तोडल्या. बारीक म्हणजे कमी लागेल, असा माझा हिशेब. त्यावर माझ्या सुऱ्यानं गाठी तासून गुळगुळीत केल्या, कातडं फाटू नये म्हणून. बारीक, ओली, गुळगुळीत फोक विंचवासारखी लागते, हे मला सोमवारी ती माझ्याच हातावर बसली तेव्हा कळलं. त्या आठवड्यात ज्यांनी मार खाल्ला त्यांनी मला सुटीत ओढ्यात बुडवलं. गुरुजी मात्र खूष. "आता कसं! अशाच आणत जा."

मी आणत गेलो. तीन वर्षं.

का, तर चौथी. चौथी पास झालो की जंगलखात्यात चिकटता येईल, असं माझ्या बापाला कोणीतरी सांगितलं होतं. मोळीला गेलेल्या बायांचे कोयते रखवालदार हिसकावून घ्यायचे. बाप म्हणायचा, "आपला पोर रखवालदार झाला, का मग कोयता कोन घेईल रं?" वाडीनं सगळी आशा त्या एका कागदाला बांधली होती. तो कागद साहेबापुढं परीक्षा दिल्यावर मिळायचा. शाळा तपासणारे हे दिपोटी साहेब वर्षातून एकदा यायचे.

दिपोटी येणार त्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला थांबवलं. "उद्या ह्या फोका घे आणि ओढ्यापलीकडं जाऊन बस. साहेब गेले की हाक मारीन."

"गुरुजी, माझी परीक्षा?"

"तुझी मी घेतली ना? पास झालास असं समज."

घरी सांगितलं. बाप विडी टाकून उठला. "समज म्हनून नोकरी कोन देतो? तू आत जाऊन बस. साहेब काय खातो व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यापलीकडं बसलो. टांगा आला, शाळेशी थांबला. आतून पाढ्यांचा आवाज यायला लागला. मला येत होते ते पाढे. सगळे येत होते. मी जुडी उचलली आणि शाळेत शिरलो. ती बाहेर टाकून जायचं सुचलंच नाही. जुडीशिवाय मी त्या दारातून कधी आत गेलोच नव्हतो.

दिपोटी खुर्चीत होते. कोट, मांडीवर टोपी. रंगानं आपल्यातलेच, पण बोलणं गोऱ्याचं.

"हे काय आहे?"

"फोका, साहेब."

"ते दिसतंय. कशाला?"

"मारायच्या."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजींचा चेहरा उतरला. "जंगली पोर आहे, साहेब. दया येऊन घेतलंय."

मला वाटलं, आता गुरुजींचं काही खरं नाही. साहेबांनी एक फोक उचलली. वाकवली. हवेत फिरवली. अगदी गुरुजींसारखी.

"चांगल्या आहेत. गुरुजी, मारावी ती हातावर, सहाच्या वर नाही आणि नोंद ठेवून. शिस्त म्हणतात ती ही." मग माझ्याकडं वळले. "न विचारता आत आलास. सहा खायच्या, मग परीक्षेला बसायचं. यातली एक निवड."

माझा हात पुढं गेला. प्रत्येक फोक कुठल्या जाळीतली ते मला ठाऊक होतं. कुठली कमी लागेल तेही आता कळत होतं. आणि हात तिथंच थांबला. मारणारे हे. मार ठरवणारे हे. पण तोडायची मी, तासायची मी, निवडायचीही मीच. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर हे म्हणणार, त्यानंच दिली.

"मी नाय निवडनार."

"काय?"

"मारा तुमी. कुठलीबी घ्या. पन निवडनार मी नाय."

साहेबांनी फोक टेबलावर ठेवली. "मग परीक्षा नाही. चालता हो."

मी चालता झालो. पाठीमागून एक पोर ओरडलं, "फोक्या गेला रं! आता आनील कोन?" वर्ग हसला. मी नाही हसलो.

बाप चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "एक उचलायची व्हती रं. सा तर फोका. आमी काय काय खाल्लंय." मग जरा वेळानं, "गुरुजींच्या पाया पडून ये." मी गेलो नाही. महिन्यानं लोहमार्गाच्या कामाला निघालेल्या टोळीबरोबर गाव सोडलं. आज घरापासून दोन दिवसांच्या अंतरावर रेल्वेच्या कारखान्यात आहे. बोलटं आवळतो. कोणी साधं 'बस' म्हटलं तरी दोनदा आभार मानतो. साहेब मागून गेला की तळहात आपोआप मिटतात. गुरुजींनी अक्षर दिलं, त्यावरच हे लिहितोय, हेही विसरत नाही. विसरता आलं असतं तर सोपं झालं असतं.

परवा बहिणीचं पत्र आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. गोरा साहेब देश सोडून गेला, बादशहाचा फोटो उतरला, गुरुजी नवे आले. तिचा पोरगा शाळेत जातो. "गुरुजी लय चांगले हायत. पोराला फोका आनायला सांगतात. तू शिकलेला हायस, आनू देऊ का ते कळव."

रात्रपाळी नव्हती, तरी झोप आली नाही. पोराला शाळेतून काढलं तर? माझ्यासारखा झाला तर? सकाळी लिहायला बसलो.

पोरालाच लिहिलं, फोक तोडू नको. एकसुद्धा नाही. आणि हे दुसरं नीट ऐक, कारण मी यात चुकलो. मी उठून गेलो, ते त्यांच्या सोयीचं झालं. तू जागा सोडू नको. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन बस. मारलं तर मार खा, पण बस. परीक्षेला नाव पुकारलं नाही तर उभा राहून आपलं नाव आपण सांग.

मी रजा टाकली आहे. पोराच्या शेजारी मीही जाऊन बसणार आहे, तीन दिवस लागोत नाहीतर तेरा. नवे गुरुजीही पोराला घेतल्याच्या उपकारांची आठवण करून देतील. देऊ देत. मी तिथून उठणार नाही.