भिंगरीचा नंबर

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं सलून होतं, आणि लहान पोरांचे केस कापण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. आईबापांनी उचलून आणलेली, हातपाय झाडणारी, टाहो फोडणारी पोरं तो खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिच्यावर अलगद बसवायचा. फवाऱ्याचं पाणी आधी स्वतःच्याच नाकावर उडवायचा. पोर खुदकन हसलं की कात्री सुरू!

त्याची स्वतःची लेक मात्र बसेल तर शपथ.

लेक अडीच वर्षांची. दिवसभर गरगरत असायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिच्यासाठी त्यानं हौसेनं पिवळीधमक पॉटी आणली. भिंगरीला ती जाम आवडली. तिनं ती डोक्यावर घातली, तिच्यात बाहुलीला आंघोळ घातली, कांदे भरून घरभर ओढली. बसायचं तेवढं राहिलं. शी आली की ही बया पडद्यामागे जाऊन उभी राहायची. "काय चाललंय गं?" म्हणून विचारावं, तर आतून ठसक्यात उत्तर यायचं, "काई नाई!"

बापानं जंग जंग पछाडलं. गोष्टी सांगितल्या, कापसाच्या अस्वलाला बसवून दाखवलं. एकदा तर तो स्वतःच गुडघे मुडपून पॉटीवर टेकला, आणि उठला तेव्हा पॉटीही त्याच्याबरोबर उठली. बायको हसून हसून भिंतीला टेकली. भिंगरी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, पुन्ना!"

"अहो, तुम्ही तिच्या मागे लागू नका," बायको डोळे पुसत म्हणाली. "तिच्या मनात येईल तेव्हा बसेल."

"आणि नाही आलं तर? लग्नातही पडद्यामागेच उभी राहणार का ती?"

बायको नर्स होती. एका रविवारी तिला अचानक दवाखान्यात बोलावणं आलं. मग काय, एका काखेत भिंगरी, दुसऱ्या काखेत पॉटी, अशी बापाची स्वारी सलूनात पोचली.

रविवार म्हणजे गर्दीला ऊत. बाकड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्चीत निवृत्त हेडमास्तर बसले होते, गालांवर साबणाचा फेस. भिंगरीनं कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहून घेतलं.

"हे का बशले?"

"आपापल्या नंबरची वाट बघतायत," वस्तरा चालवता चालवता बाप म्हणाला.

"माझा नंबल?"

"तुझाही येईल हं, राणी."

तो हे सहज बोलून गेला. पण भिंगरीनं कोपऱ्यातली पॉटी फरफटत आणली, हेडमास्तरांच्या खुर्चीशेजारी, बरोब्बर आरशासमोर मांडली, चड्डी आपल्या हातानं खाली ओढली आणि ऐटीत बसली.

"बाबा, कापल!"

बापाला वाटलं, केस कापायचेत. पण ती हेडमास्तरांच्या गळ्यातल्या कापडाकडे बोट दाखवत होती, म्हणून त्यानं तसंच एक कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं. कापडाचा तंबू झाला, वर नुसतं मुंडकं.

"केस कापू?"

"नाई. शी."

कुणीतरी रेडिओ बंद केला. मघापासून बाकड्यावर तावातावानं बोलणाऱ्या एका टॅक्सीवाल्यानं वाक्य अर्ध्यात गिळलं. हेडमास्तर आरशातून टक लावून बघत होते. बापाचा वस्तरा हवेतच थांबला. भिंगरीचा चेहरा लाल झाला, आणखी लाल झाला, आणि मग तंबूतून आवाज आला. टप्प.

"झाली!"

एकच कल्ला उठला. टाळ्या, शिट्ट्या! हेडमास्तर ताडकन उभे राहिले आणि "शाब्बास!" म्हणताना त्यांच्या गालावरचा फेस टॅक्सीवाल्याच्या बाहीवर उडाला. बापानं पोरीला मागच्या मोरीत नेऊन धुतलं, पुसलं, उचललं आणि भर सलूनात दोन गिरक्या घेतल्या. त्याचे डोळे भरून आले होते. हेडमास्तरांची अर्धी दाढी राहिलीय हे त्याला त्यांनीच सांगितलं.

इकडे भिंगरी धुतलेली पॉटी टॅक्सीवाल्यापुढे ठेवून मोकळी. "आता तुमी."

"मी घरूनच करून आलोय, ताई," टॅक्सीवाला हात जोडून म्हणाला.

पुढचे काही दिवस घरीही थाट तोच. पॉटी आरशासमोर, गळ्यात कापड आणि टाळ्या वाजवायला आईबाप. मग हळूहळू कापडाचा विसर पडला, आरशाचाही. एका सकाळी ती पॉटी उचलून न्हाणीघराकडे निघाली, तसा बापही सवयीनं मागोमाग निघाला. भिंगरीनं इवलासा हात त्याच्या पोटावर ठेवून त्याला मागे ढकललं.

"बाबा, तू बाहेल."

दार लागलं. बाप दाराकडे बघत उभाच राहिला. हसावं की रुसावं, त्याला कळेना.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "तिनं मला हाकललं! आता मी काय करू?"

"चहा ठेवा," बायको म्हणाली.

तो खुशीत शीळ घालत स्वयंपाकघरात गेला आणि चहात साखर दोनदा घातली.